‘नुसता आव आणलाय’ : ही टीका झाली की पिंक?

तिसरं_गेट · रविवार, रात्री १०:५०

काल संध्याकाळी बेळगावात टिळकवाडीत गाण्याची बैठक होती. गायक तरुण, तिशीच्या आतबाहेरचा. नाव लिहीत नाही, कारण धागा त्याच्यावर नाही. काळा कुर्ता, गळ्यात उपरणं. गाण्याआधी दहा-बारा मिनिटं बोलला, दोन स्वरांच्या मधे जी रिकामी जागा असते तिच्याबद्दल. मग झुमरा तालात विलंबित खयाल धरला. आलाप करता करता मधेच थांबायचा आणि डोळे मिटून बसायचा. तानपुरे तेवढे चालू. मागं कुणी खोकलं की कपाळाला आठी.

खानापुराकडून माझा चुलतभाऊ आलेला, त्याला मी ओढूनच नेलं होतं. तासाभरानं तो कानाला लागला, “लई आव आणालंय बघ.” मला हसू फुटलं. मी आपला अधूनमधून दाद देत होतोच, तेव्हा ‘क्या बात है’ म्हणून हसू त्यात दडपलं.

रात्री झोप येईना. गाणं मलाही आवडलं नव्हतं. रिषभ सारखा खाली लागत होता, आणि द्रुतात तबलजी एका घरी तर हा दुसऱ्या घरी. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. माझ्यावर विश्वास नसेल तर तानपुऱ्याला विचारा. पण ‘आव आणलाय’ म्हणताना आपण नक्की कशाबद्दल बोलतो? गाण्याबद्दल, का त्याच्या पोटात काय आहे त्याबद्दल? पोटातलं मला कसं कळणार?

दुसरं म्हणजे, हा शब्द मला झोंबतो त्याला कारण आहे. १९८८ साली कॉलेजात असताना मी सिटी बसमध्ये एक जाडजूड पुस्तक घेऊन फिरायचो. नाव समोरच्याला वाचता येईल असं धरायचो. पंचवीस पानांच्या पुढं गेलो नव्हतो. बहिणीनं घरात सगळ्यांसमोर सांगितलं, ‘हा वाचत नाही, नुसता मिरवतोय.’ खरंच होतं ते. पण दोन वर्षांनी कावीळ झाली, महिनाभर घरात पडून होतो तेव्हा ते पुस्तक संपवलं, आणि आजवर वाचनाची जी काय चटक आहे ती तिथून लागली. आव आणला नसता तर ते पुस्तक घरातच नसतं.

तर लोकहो, कलेला ‘आव आणलेली’ म्हणणं ही टीका आहे का?

कुंदा_डबल_खवा · रविवार, रात्री ११:१५

आहे. झोपा आता.

बरं, नीट सांगतो. खोका बघून आपण खव्याचा कुंदा घेतो, आपली बेळगावी मिठाई. खोक्यावर सोनेरी अक्षरं, राजवाड्याचं चित्र, आत पारदर्शक कागद, वरून फीत. उघडला तर आत पाव किलो, त्यातही रवा. आता मी काय म्हणू, ‘खवा १२ टक्के कमी आहे’? मी म्हणणार, ‘नुसता खोका आहे.’ हीच टीका. खोका आणि माल यांच्यातलं अंतर सांगणारी. तुमच्या गायकानं बारा मिनिटांचा खोका दिला आणि आत खालचा रिषभ. भावानं दोन शब्दांत बरोबर सांगितलं, आणि तुम्ही त्यावर पानभर लिहिलं.

तिसरं_गेट · रविवार, रात्री ११:३२

खोक्याचं पटलं. पण त्यात एक गोम आहे. खोका तू *उघडलास*. माझ्या भावानं गाणं उघडलं नव्हतं. त्यानं काळा कुर्ता, मिटलेले डोळे आणि उपरणं पाहिलं. म्हणजे खोका बघूनच माल खराब ठरवला.

जुनी_पेठ_शहापूर · सोमवार, सकाळी ६:४०

पहाटे उठणाऱ्यांसाठी काहीतरी ठेवल्याबद्दल आभार.

मी मल्लिकार्जुन मन्सूर अण्णांना समोर बसून ऐकलेला माणूस आहे. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. आधी मिरजेचे नीलकंठबुवा, मग मंजी खाँ, त्यांच्यानंतर भुर्जी खाँ, अशी तालीम. त्यांचे राग कसले? शिवमत भैरव, एक निषाद बिहागडा... अर्ध्या सभेला नावं ऐकूनही माहीत नसायची. अनवट रागांचा एवढा मोठा साठा घेऊन बसलेल्या माणसाला ‘आव आणतो’ असं म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. का? कारण ते सांगायचेच नाहीत. टोपी, कोट, बसले की तंबोरा जुळायच्या आत षड्ज. ‘आता मी तुम्हाला एक अप्रचलित राग’ वगैरे भानगड नाही. खयाल संपला की कन्नड वचन तितक्याच जिवानं.

आणि गंमत ऐका. त्यांच्या गाजलेल्या रागांतला एक आहे ‘आडंबरी केदार’. नावातच आडंबर! मी आयुष्यात त्याहून निराडंबर गाणं ऐकलेलं नाही.

माझं मत असं की समजावण्याची हौस आली की आव आला. गाण्यानं स्वतःच्या पायावर उभं राहावं.

मार्कंडेय_काठ · सोमवार, सकाळी ७:२५

काका, ‘आडंबर’ शब्दावरून सुचलं म्हणून शाळेला निघायच्या आधी लिहिते. संस्कृतात ‘आडंबर’ हा एक मोठ्या आवाजाचा ढोल. हत्तीच्या चीत्काराला, मेघांच्या गडगडाटालाही तोच शब्द. तिथून मग भपका, थाटमाट हे अर्थ आले. म्हणजे मुळात ही तक्रार आवाजाच्या आकाराची आहे. खोटेपणाची नाही.

खोटेपणासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे, दंभ. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना अमानित्वाच्या मागोमाग अदंभित्व येतं, आणि माउलींनी त्यावर ओव्यांवर ओव्या लिहिल्यात. सोळाव्यात आसुरी संपत्तीची यादी दंभापासूनच सुरू होते. आमच्या कन्नड वर्गातली मुलंही ‘डंभाचार’ म्हणतात. पण ‘दांभिक’ *माणूस* असतो. दांभिक खुर्ची, दांभिक भीमपलास असं आपण म्हणत नाही. वस्तूला आपण दिखाऊ म्हणतो, भपकेबाज म्हणतो, बेगडी म्हणतो.

‘आव’ हा शब्द या दोन्हीच्या मधे लोंबकळतो. आव आणणारा माणूसच असतो, पण आपण तो शब्द गाण्याला चिकटवून मोकळे होतो. तिसरं गेट यांना झोप लागली नाही ती त्यामुळे असावी. दोन वेगळे खटले एकाच कोर्टात चाललेत.

निपाणी_वखार · सोमवार, दुपारी १:१०

व्वा, ओव्या आल्या, हत्ती आले. आता मुद्द्याचं बोलू का?

२०१९ साली मायामीत एका इटालियन कलाकारानं भिंतीला टेपनं केळं चिकटवलं. किंमत १ लाख २० हजार डॉलर. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कात त्याचाच लिलाव झाला, ६२ लाख डॉलर. घेणाऱ्यानं नंतर पत्रकारांसमोर ते खाल्लं. आमच्या बाजारात डझनभर केळी घेताना बाई दोन रुपयांवरून घासाघीस करते, आणि हे लोक सांगणार की तुम्हाला कळत नाही. गायतोंड्यांचं चित्र मुंबईत २०१३ साली २३ कोटी ७० लाखाला गेलं. पिवळा रंग, मधे चार डाग. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, अडाणी आहे, पण सोंग कळतं मला. हे सगळं सोंग आहे. बस.

कुंदा_डबल_खवा · सोमवार, दुपारी १:२२

वखार, गेल्या धाग्यावर तू एमबीए असल्याचं सांगून कुणालातरी गप्प केलं होतंस ना? अडाणी कधीपासून झालास?

निपाणी_वखार · सोमवार, दुपारी १:२४

तो वेगळा विषय होता.

मार्कंडेय_काठ · सोमवार, संध्याकाळी ५:४०

मधल्या सुट्टीत वाचून गालात हसले. वखार, केळं आणि गायतोंडे यांना एका पिशवीत घालू नका. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या खोलीत राहिले. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं, लोकांत जाणं नाही, चित्रांवर भाषण नाही. ते गेले २००१ साली. २३ कोटी नंतरचे, दुसऱ्यांचे. आवच म्हणायचा तर तो लिलावाच्या हातोड्याचा म्हणा.

केळ्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे, पण वेगळ्या कारणानं. आपल्यात म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. त्या केळ्याची सगळी गंमत अशी की तिथं चक्क पैशाचंच सोंग आणून दाखवलं. त्याचं नाव तरी काय, ‘कॉमेडियन’! खोक्यावरच ‘आत काही नाही’ असं लिहिलेलं असेल तर कुंदावाल्याची तक्रार टिकते का?

आणि बेळगावकर अमूर्त चित्रांकडे तिरकं बघतात त्याला आपलं असं एक कारण आहे. के. बी. कुलकर्णींसारख्या वास्तववादी चित्रकारांनी इथं पिढ्या घडवल्या. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. हुबेहूब माणूस काढता येणं म्हणजे चित्रकला, हे आमच्या घराघरात मुरलंय. मला ते चांगलंच वाटतं, पण मोजायची पट्टी तेवढी एकच उरते.

उद्यमबाग_तिसरी_पाळी · सोमवार, रात्री ११:५५

मी इथं फारसं लिहीत नाही, नुसतं वाचतो. आज लिहितो.

मी फौंड्रीत आहे, सोळा वर्षं झाली. कास्टिंग साच्यातून बाहेर आलं, फेटलिंग करून घासून घेतलं की असं दिसतंय की आरशासारखं. हात फिरवला तर गुळगुळीत. लेथला लावलं, दोन मिलिमीटर कट घेतला, की आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी. मालाला रिजेक्शन. उलटंही होतंय. वरून खडबडीत, काळंकुट्ट, पोरगं म्हणतंय हे टाकून देऊया, आणि मशीनला लावल्यावर आत एकदम भरीव. म्हणून आमच्यात नियम आहे, लेथला लावल्याशिवाय कुणी कास्टिंगला नाव ठेवायचं नाही. कुंदावाले भाऊंचं खोक्याचं खरं आहे, पण खोका उघडायला दोन हात पुरतात. कास्टिंग उघडायला मशीन लागतंय आणि मशीनवर बसणारा लागतोय.

आता माझं सांगतो. आठ-नऊ वर्षांमागं माझ्या मोबाइलवर कुणीतरी कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन पाठवलेलं. रात्रपाळीत ऐकलं. काही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी परत लावलं. मग सवय झाली. कुठं बैठक असली की जायला लागलो. एकदा पाळी सुटली आणि तसाच गेलो, युनिफॉर्मवर. मागं खांबाला टेकून बसलो. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागं वळून बघितले आणि हसून म्हणाले, “कळतंय काय रे तुला?” वाईट मनानं म्हणाले नसतील. पण मी पुढं चार महिने गेलो नाही.

बरं, गल्लीत तरी सुख असावं. तिथं पोरं म्हणायला लागली, “लई शायनिंग मारालंय, शास्त्रीय ऐकालंय म्हणे.” बायकोचा भाऊ म्हणाला, बामणाघरची सोंगं कशाला करालाईस. माझ्या पोरीला मी पेटी शिकायला घातली तेव्हा पण तेच.

म्हणजे बघा, हॉलमध्ये मला सांगितलं की तू खालचा, तुला कळणार नाही. गल्लीत सांगितलं की तू वर चढालाईस, आव आणालाईस. दोन्हीकडं मतलब एकच, जिथं आहेस तिथं बस. तवापासून ‘आव’ हा शब्द ऐकला की मी आधी बघतो की तो कुणाला म्हणालेत. सुटाबुटातल्या माणसानं इंग्रजी गाणं लावलं तर त्याला आवड म्हणतात. माझ्या पोरीनं यमन वाजवला तर आव.

तिसरं_गेट · मंगळवार, सकाळी ७:०५

तिसरी पाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पुढच्या रांगेतला तो गृहस्थ मी नव्हतो एवढी खात्री आहे, पण तसं वळून मी कधी बघितलं नसेल याची नाही.

जुनी_पेठ_शहापूर · मंगळवार, सकाळी ७:३०

मीही काल सकाळचं माझं लिहिलेलं परत वाचलं. अण्णा काही न सांगता गायचे हे खरं, पण समोर बसलेल्यांतले बरेच तयार कानाचे असायचे. ज्याला षड्ज कुठला ते माहीत नाही त्याला कुणी दोन वाक्यं सांगितली तर मी त्याला हौस म्हणून मोडीत काढणं बरोबर नाही.

कुमारांचं नाव निघालं म्हणून सांगतो. सुळेभावीचा मुलगा, शिवपुत्र कोमकळीमठ, जन्म ८ एप्रिल १९२४. इथून गाडीवर अर्ध्या तासावर ते गाव. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, क्षयानं देवासला जाऊन पडला, काही वर्षं गाणं बंद. उठला तेव्हा छोट्या छोट्या फेकींचं, माळव्याच्या लोकधुना पोटात घेतलेलं वेगळंच गाणं घेऊन उठला. घराणं सोडलं, परंपरा मोडली, स्वतःचे राग काढतो म्हणजे काय, ही कुरकुर त्याच्या मागं जन्मभर होती. आमच्या तीर्थरूपांनी तर घरात रेडिओ बंद केला होता. त्यांचा शब्द ‘थेरं’. वीस वर्षांनी तेच पहाटे उठून ‘लाव रे त्या कुमारचं’ म्हणायचे. गाणं तेच होतं. तेव्हा ‘आव’ हा शब्द काही वेळा ‘माझा कान अजून तिथं पोचला नाही’ याचं टोपणनाव असतो.

निपाणी_वखार · मंगळवार, दुपारी १२:५०

म्हणजे आता कुणाला काही म्हणायचंच नाही? प्रत्येक बेसूर माणूस उद्याचा कुमार गंधर्व? हे बरं आहे. कलाकारानं काहीही करावं आणि आपण वीस वर्षं थांबावं.

कुंदा_डबल_खवा · मंगळवार, दुपारी १:०५

पहिल्यांदाच वखारशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा. धाग्यात बेळगाव आलंय तर पुलंच्या रावसाहेबांचीही आठवण काढतो. तो माणूस आज असता तर दोन शिव्यांत निकाल लावला असता, आणि निकाल बरोबर निघाला असता.

दूधगंगेपल्याड · मंगळवार, रात्री ९:१५

बरोबर निघाला असता, कारण कान होता. शिव्या वरची फोडणी.

मी एकसंब्याजवळचा, म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णींच्या जन्मगावचा शेजारी. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी नेहमी ऐकतो. एक, गोष्टी कळत नाहीत. दोन, तो काळा चष्मा, ते लोकांत न मिसळणं, ती सगळी पोज होती. दुसऱ्या मुद्द्याबद्दल एवढंच, की जो माणूस धारवाडात आयुष्यभर मास्तरकी करत राहिला, सभासंमेलनांपासून लांब राहिला, आणि प्रकाशनाच्या तारखेच्या तांत्रिक वादावरून साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करून मोकळा झाला, त्यानं आव आणलाच असेल तर फार तोट्याचा धंदा केला.

पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र बोलायला हवं. त्यांची ‘इस्किलार’ ही कथा मला पहिल्या दोन वाचनांत पूर्ण कळली नाही. पण तिला मी पोकळ म्हणणार नाही, कारण वाक्य उचलून बघितलं की वजन लागतं. कुठलंही उचला. मर्ढेकरांच्या बाबतीत हेच झालं. पिपातल्या उंदरांवर दुर्बोध म्हणून काय कमी हसले लोक? वर अश्लीलतेचा खटला. आज ती कविता शिकवायला फार कष्ट पडत नाहीत. दुर्बोध आणि आवाचं यात घोळ घालू नये. दुर्बोध लिखाण तुमच्याकडून काम मागतं, आणि काम केलं की काहीतरी हाताला लागतं. आवाच्या लिखाणात तुम्ही राबता आणि विहीर कोरडी. वखार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की थोडं खणून बघा. वीस वर्षं नकोत, वीस पानं पुरतात.

आणि उलटाही आव असतो. साधेपणाचा. इंदिरा संतांची कविता साधी आहे. बेळगावात राहून, शिकवून, घर चालवून लिहिलेली. तो साधेपणा कमावलेला आहे. पण हल्ली घोंगडं खांद्यावर टाकून, मागं बैलगाडी उभी करून ‘मातीतलं गाणं’ म्हणणारे जे व्हिडिओ येतात, त्यांतला साधेपणा बघून मला कुंद्याचा तो सोनेरी खोका आठवतो. फक्त खोका गोणपाटाचा. ‘मी बापडा अडाणी, मला काय कळतंय’ हेही त्यातलंच. कुणाचं नाव घेत नाही, तंबाखूच्या वखारी बऱ्याच आहेत.

निपाणी_वखार · मंगळवार, रात्री ९:२०

कळलं.

धागा_राखणदार · मंगळवार, रात्री १०:०२

बेळगावचं नाव कसं लिहावं आणि कुणाच्या बापाचं आहे यावरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, नेहमीच असतो. इथं कलेबद्दल बोला.

मार्कंडेय_काठ · बुधवार, सकाळी ६:५०

वखारांनी ‘सोंग’ म्हटलं तेव्हापासून तो शब्द डोक्यात घोळतोय. लहानपणी आजोळी, गोकाककडे, पारिजात बघायचे. श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य, कुलगोडच्या तम्मण्णांनी नावारूपाला आणलेलं. रात्रभर चालायचं. सत्यभामा म्हणजे शेजारच्या गावचा एक मिशा काढलेला बाप्या. हनुवटीवर निळसर सावली, आवाज फाटका. पण रुक्मिणीला फूल मिळाल्याचं कळल्यावर ती जी फुरंगटून बसायची, की आमच्या आजीच्या डोळ्याला पाणी.

कुणी म्हणालं नाही, ‘हा बाई असल्याचा आव आणतो.’ सोंग घ्यायलाच तर आला होता तो! आजी सकाळी भाकरी थापताना म्हणायची, सोंग वठलं. एखाद्या वर्षी म्हणायची, वठलं नाही. बस्स. वठणं हा किती नेमका शब्द आहे! तो कामाला लागतो, माणसाला नाही. सोंग घेतलं म्हणून दोष नाही, मोठं घेतलं म्हणूनही नाही. राजाचं सोंग घेतलंस तर राजासारखा चाल, एवढंच मागणं.

तुमच्या त्या गायकानं मौनाचं सोंग घेतलं. ते वठलं नाही. मला वाटतं हे म्हणायला काही हरकत नाही, आणि त्यासाठी त्याच्या पोटात शिरायची गरज पडत नाही.

तिसरं_गेट · बुधवार, सकाळी ८:१०

ताई, हे उत्तर मला हवं होतं. पण मौनाचं सोंग वठतं तरी का कधी? अमेरिकेतल्या जॉन केजची ती १९५२ ची प्रसिद्ध रचना, चार मिनिटं तेहेतीस सेकंद. वादक येतो, पियानोचं झाकण लावतो, तीन भागांत एकही सूर वाजवत नाही. हॉलमध्ये जे काय ऐकू येईल तेच संगीत. मी यूट्यूबवर बघितली आणि मनात पहिला शब्द काय आला असेल?

उद्यमबाग_तिसरी_पाळी · बुधवार, दुपारी ३:३०

मला ते लगेच पटलं, काय सांगू. आमच्यात इंडक्शन भट्टी असते. तिची एक गुणगुण असते, चोवीस तास. त्यात कंप्रेसर, पंखे, ग्राइंडर. सोळा वर्षांत ती गुणगुण ऐकायचंच आम्ही सोडून दिलंय. पण लाइट गेली की एका झटक्यात सगळं बंद. त्या दोन-तीन सेकंदांत काय काय ऐकू येतंय! पत्र्यावरचा कावळा, बाहेर कुणीतरी कुणाला हाक मारालंय, नळ ठिबकालाय, स्वतःचा श्वास. आणि लगेच पळापळ, कारण कॉइलचं पाणी चालू ठेवायला लागतंय, नाहीतर भट्टी जाते. भीतीनं पोटात गोळा येतो, पण ते दोन सेकंद मला आवडतात. कुणाला सांगितलं नव्हतं आजपर्यंत.

ते केज साहेब काय सांगालेत ते हेच असेल तर त्यात आव काही नाही. ज्याच्या कामात आवाज नाही त्याला ते केळ्यासारखं वाटणार.

कुंदा_डबल_खवा · बुधवार, दुपारी ३:४१

मी आजवर ज्याची टिंगल केली ती गोष्ट फौंड्रीवाल्यानं तीन ओळींत समजावली. दुकान बंद करतो आता.

नाही, एक राहिलं. या प्रकाराला वाजवणाऱ्यापेक्षा ऐकणारा तयार लागतो. मग तिकीट वाजवणाऱ्याला का द्यायचं?

खानापूरचा_धाकटा · बुधवार, रात्री ८:३०

नमस्कार. नवीन खातं काढलंय, हे लिहिण्यासाठीच. दादानं मला धाग्याची लिंक पाठवली, ‘बघ तुझ्या एका वाक्यावर किती चर्चा झाली’ म्हणून. चार दिवसांचं सगळं वाचलं. मोठमोठी माणसं लिहिली आहेत, बरं वाटलं.

पण दादा, एक सांगू? मी गाणाऱ्याबद्दल म्हणालो नव्हतो. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तो मधे थांबायचा तेव्हा बरं वाटत होतं, आमच्याकडं पाऊस मधेच थांबतोय आणि पागोळ्या तेवढ्या पडत राहतात तसं. ‘आव आणालंय’ ते मी तुला म्हणालो होतो. तू प्रत्येक वेळी मान हलवून ‘क्या बात है’ करालतास, आणि तबलेवाला दर वेळी तुझ्याकडं बघून हसायला लागला होता.

कुंदा_डबल_खवा · बुधवार, रात्री ८:३४

मी खुर्चीवरून पडलो.

जुनी_पेठ_शहापूर · बुधवार, रात्री ८:५०

सम कुठं होती, आणि दाद कुठं पडत होती, तिसरं गेट? खरं सांगा.

तिसरं_गेट · बुधवार, रात्री ९:४०

जेवण झाल्यावर लिहितोय. बायकोनं वाचलं, ती अजून हसते आहे.

काका, समेच्या आसपास पडत होती. झुमऱ्यात समेच्या आसपास म्हणजे कुठंही. चौदा मात्रा कधी मोजायला गेलो नाही, तुम्हाला काय सांगू. तीस वर्षं अंदाजानं चाललंय.

धाकट्या, पागोळ्यांचं तू मला तिथंच का नाही सांगितलंस?

खानापूरचा_धाकटा · बुधवार, रात्री ९:४६

तू ऐकायच्या मूडमध्ये कुठं होतास.

उद्यमबाग_तिसरी_पाळी · बुधवार, रात्री ११:५०

पाळीवर आलो, आत्ता वाचलं. धाकटे भाऊ, पुढच्या महिन्यात बैठक असली तर या. मागं खांबाजवळ जागा असते, तिथं कुणी बघत नाही. दादांना पण आणा. तिथं दाद दिली तरी तबलेवाल्याला दिसत नाही.

तिसरं_गेट · गुरुवार, सकाळी ६:१५

येतो. तुमच्या पोरीलाही आणा. चौदा मात्रा मोजून दाखवणारं कुणीतरी शेजारी हवं.